मतैक्याचे गणित आणि भाषांचा शेजार

१. प्रश्न कोणता?

घाटकोपर व अंधेरी ही मुंबईच्या उपनगरांतील दोन गजबजलेली स्थानके. एक मध्य रेल्वेवरील, दुसरे पश्चिम रेल्वेवरील. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर हा मेट्रोमार्ग सुरू झाला आणि या दोन दिशांची माणसे रोज एकाच डब्यात शेजारी उभी राहू लागली. त्यांत घरी गुजराती बोलणारे असतात, कोकणातून वा घाटावरून आलेल्या कुटुंबांत वाढलेले मराठी भाषक असतात, उत्तरेकडील हिंदीच्या निरनिराळ्या बोली घेऊन आलेले असतात, तमिळ व मलयाळम बोलणारेही असतात. या डब्यात परक्या माणसाशी कोणत्या भाषेत बोलावे, त्यास ‘तू’ म्हणावे की ‘आप’, ‘मुझे’ म्हणावे की ‘मेरेको’, याविषयी कोणीही आज्ञापत्र काढलेले नाही. तरीही बहुतेकांचे बोलणे एका ठरावीक रीतीने चालते आणि नवागत माणूस काही महिन्यांत ती रीत उचलतो.

या नित्याच्या अनुभवातून तीन प्रश्न उद्भवतात. पहिला, मध्यवर्ती आज्ञा नसताना अनेकांचे एकमत कसे होते? दुसरा, त्या एकमतास हेतुपुरस्सर वळण लावता येते काय? तिसरा, सर्वांचे एक मत न होता निरनिराळ्या गटांनी आपापले निराळे मत राखावे आणि तरीही परस्परांशी व्यवहार चालू ठेवावा, हे शक्य आहे काय? भाषाशास्त्राच्या अभ्यासकास हे प्रश्न जुनेच आहेत. परंतु गेल्या काही दशकांत नियंत्रणशास्त्र या अभियांत्रिकीच्या शाखेने नेमके हेच प्रश्न गणिताच्या भाषेत मांडले आहेत. विजेच्या जाळ्यातील जनित्रे, एकत्र उडणारी चालकरहित विमाने, दूरदूरच्या संगणकांतील घड्याळे यांना आपापसांतील मर्यादित संपर्कातून एका मूल्यावर कसे आणावे, ही तेथील समस्या आहे. आपल्याच उपनगरातील पवई येथे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रणाली व नियंत्रण हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत लेखात त्या शास्त्रातील काही मूलभूत कल्पना सामान्य वाचकास कळेल अशा रीतीने सांगण्याचा आणि मराठीच्या संसारातील काही प्रत्यक्ष घटनांवर त्या ताडून पाहण्याचा उद्देश आहे.

२. तीन शेजाऱ्यांचे उदाहरण

परिभाषा प्रथम निश्चित करू. ज्यास स्वतःचे एक मत आहे आणि जो इतरांचे मत पाहून ते बदलू शकतो, त्यास ‘घटक’ म्हणू. कोण कोणाचे ऐकतो हे दाखविणाऱ्या रेषांच्या समुच्चयास ‘जाळे’ म्हणू. एका घटकाच्या मतास दुसरा जितके महत्त्व देतो, त्यास ‘भार’ म्हणू.

मुलुंडच्या एका इमारतीतील तीन शेजारी सकाळी फिरावयास निघण्याची वेळ ठरवीत आहेत असे समजा. पहिल्यास सहा वाजता निघावयाचे आहे, दुसऱ्यासही सहाच वाजता. तिसऱ्यास मात्र सहा वाजून ४२ मिनिटांनी. (हिशेब सुलभ व्हावा म्हणून हा आकडा घेतला आहे.) दुसरा मधल्या मजल्यावर राहतो व त्याची वरच्या व खालच्या अशा दोघांशी गाठ पडते, पहिल्याची व तिसऱ्याची मात्र थेट भेट होत नाही. प्रत्येकजण रोज एवढेच करतो: स्वतःचे व ज्यांची भेट होते त्यांचे मत घेऊन त्यांची सरासरी काढतो आणि ते आपले नवे मत मानतो. सहा वाजल्यानंतरची मिनिटे मोजल्यास आरंभी मते ०, ०, ४२ अशी आहेत. पहिल्या दिवसानंतर ती ०, १४, २१ होतात. दुसऱ्या दिवसानंतर सुमारे ७, ११.७, १७.५. असे करीत करीत तिघेही १२ या आकड्यावर स्थिरावतात.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, पहिला व तिसरा एकमेकांना कधीही भेटले नाहीत, तरी त्यांचे एकमत झाले. दोन, हे एकमत तिघांच्या मतांची साधी सरासरी नव्हे. ती १४ आली असती. मधल्या शेजाऱ्याचे दोघांशी बोलणे होत असल्यामुळे त्याच्या मतास अधिक भार मिळाला. हाच ४२ चा आग्रह कडेच्या माणसाऐवजी मधल्या माणसाने धरला असता आणि बाकीचे दोघे शून्यावर असते, तर एकमत १८ वर झाले असते. मत तेच, माणसेही तितकीच. केवळ जाळ्यातील जागा बदलल्याने फलित १२ वरून १८ वर गेले.

अशा रीतीने सरासरीतून मतैक्य कसे साधते याचे गणित अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ मॉरिस डीग्रूट यांनी १९७४ मध्ये मांडले. त्याचा सारांश असा सांगता येईल: प्रत्येकजण स्वतःच्या मतासही काही भार देत असेल आणि जाळ्यात असा निदान एक घटक असेल की ज्याचे मत, थेट वा इतरांच्या द्वारा, सर्वांपर्यंत पोचते, तर मतैक्य होते. ही अट मोडली, म्हणजे परस्परांचे वाराही न लागणारे दोन तुकडे झाले, तर दोन निराळी मते कायम राहतात.

३. सतत बदलणारे जाळे

वरील उदाहरणातील जाळे स्थिर होते. उपनगरातील माणसाचे जाळे तसे नसते. सकाळी तो बोरिवलीच्या गाडीतील ठरलेल्या मंडळींत असतो, दुपारी कचेरीत, संध्याकाळी बाजारात व रात्री घरी. कोणत्याही एका क्षणी पाहिले तर हे जाळे तुटकच दिसेल. मग मतैक्य व्हावे कसे?

या प्रश्नाचे उत्तर अली जदबाबाई, जिए लिन व स्टीफन मोर्स यांनी २००३ मध्ये दिले. त्यांच्या समोर उदाहरण होते ते थव्याने सरकणाऱ्या कणांचे. प्रत्येक कण जवळच्या कणांची दिशा पाहून आपली दिशा ठरवितो आणि जवळचे कण मात्र सारखे बदलत राहतात. त्यांनी दाखविले की प्रत्येक क्षणी जाळे अखंड असण्याची गरज नाही. ठरावीक मुदतीतील सर्व भेटी एकत्र धरल्या असता जाळे अखंड होत असेल आणि अशा मुदती पुनःपुन्हा येत असतील, तर मतैक्य होतेच. उपनगरी रेल्वे नेमके हेच कार्य करते. विरारकडचा माणूस व ठाण्याकडचा माणूस एकमेकांस भेटत नाहीत. पण दादरला गाडी बदलणारा तिसरा माणूस दोघांचे शब्द वाहून नेतो. मुंबईच्या बोलचालीच्या हिंदीस जी एकरूपता आलेली दिसते ती शाळेने दिलेली नाही. ती रोज तुटणाऱ्या व रोज जुळणाऱ्या अशा जाळ्याने दिलेली आहे.

४. नायक, हट्टी घटक आणि नियंत्रण

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मतैक्य आपणांस हव्या त्या मूल्यावर आणता येते काय? नियंत्रणशास्त्राचे उत्तर असे की सर्व घटकांना आज्ञा देण्याची आवश्यकता नाही. काही थोडे घटक निवडून त्यांचे मत स्थिर करावे. जाळे योग्य असेल तर इतर आपोआप त्यांच्या मागे येतात. आपल्या तीन शेजाऱ्यांपैकी तिसऱ्याने ४२ चा आकडा धरून ठेवला व कोणाचेही ऐकले नाही, तर उरलेले दोघे कालांतराने ४२ वरच येतात. अशा घटकास या शास्त्रात ‘नायक’ म्हणतात. हा नायक ऐकत नाही, फक्त ऐकवितो.

मराठीच्या इतिहासात याचे स्पष्ट उदाहरण म्हणजे शुद्धलेखनाचे नियम. अर्धशतकाहून अधिक काळ लेखनपद्धतीविषयी वाद चालू होते. विशेषतः उच्चारात न उरलेले अनुस्वार लिहावेत की न लिहावेत, यावर पक्ष पडले होते. १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले, त्याने तयार केलेले १४ नियम महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ नियमांची भर पडली. कोट्यवधी लिहिणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी हे नियम मुळातून वाचले असतील. परंतु पाठ्यपुस्तके, शासकीय पत्रव्यवहार व मुद्रणालये हे जाळ्यातील मोक्याचे घटक एका मतावर स्थिर केल्यामुळे एका पिढीत अनुच्चारित अनुस्वार लेखनातून जवळजवळ नाहीसा झाला. या पत्रिकेतील हा लेखही त्याच नियमांनी लिहिला आहे.

मात्र नायकाची आज्ञा सुटली म्हणजे कार्य झाले असे नव्हे. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठी वर्णमाला व अक्षरांची वळणे निश्चित करण्यात आली. त्यांत ‘ल’ व ‘श’ या अक्षरांची मराठीतील रूढ वळणे पुन्हा प्रमाण ठरली. तरीही भ्रमणध्वनीच्या व संगणकाच्या पडद्यावर मराठी मजकूर अनेकदा हिंदी वळणाच्या ‘ल’ व ‘श’ नेच दिसतो. कारण उघड आहे. येथे अक्षराचे वळण लिहिणारा ठरवीत नाही. टंक तयार करणारा ठरवितो, आणि देवनागरीचे अनेक टंक हिंदीस प्रमाण मानून घडविलेले असतात. शासननिर्णयाच्या जाळ्यातील रेषा शाळेपर्यंत पोचली. टंकनिर्मात्यापर्यंत ती क्षीण होऊन पोचली. नायक खंबीर असूनही जाळे नसल्यास नियंत्रण निष्फळ होते, हा बोध येथे मिळतो.

याहून निराळी स्थिती दोन नायक असताना उद्भवते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाण वेळ अमलात आली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेहून ३९ मिनिटे पुढे होती. रेल्वेची घड्याळे प्रमाण वेळ दाखवीत. नगरपालिकेने मात्र मुंबई वेळच धरून ठेवली आणि हा द्वैताचा संसार स्वातंत्र्योत्तर पहिल्या दशकापर्यंत टिकला. गणितात हे सहज समजते. आपल्या उदाहरणात पहिल्या शेजाऱ्याने शून्याचा व तिसऱ्याने ४२ चा हट्ट धरला, तर मधला बिचारा २१ वर अडकून राहतो. तो दोघांचेही ऐकतो, म्हणून कोणाचाच होत नाही. एकमत होत नाहीच. पण गोंधळही माजत नाही. मधल्यांची मते दोन टोकांच्या दरम्यान कायमची विखुरलेली राहतात. ही स्थिती वाचकांनी लक्षात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

५. गटमतैक्य आणि कुपवाडचा धडा

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड व या लेखाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. संपर्क तोडावयाचा नाही आणि एकरूपही व्हावयाचे नाही. प्रत्येक गटाने आपल्यात एकमत करावे, परंतु गटागटांची मते निराळी असावीत. यास ‘गटमतैक्य’ म्हणतात. जुनयान यू व लाँग वांग यांनी २०१० मध्ये बदलत्या जाळ्यांसाठी या प्रश्नाची एक मांडणी केली. तिचे मर्म सोप्या उदाहरणाने सांगता येईल.

क व ख हा एक गट. ग व घ हा दुसरा. क हा आपल्या गटातील ख कडे ओढला जातो, हे ठीकच आहे. दुसऱ्या गटातील ग विषयीही त्यास ओढ आहे. परंतु त्याच गटातील घ विषयी त्यास तितकाच दुरावा आहे. ओढ हा धन भार, दुरावा हा ऋण भार. आता ग व घ यांचे आपसांत एकमत झाले, की क वर पडणारी ओढ व दुरावा ही बरोबर समसमान होतात व एकमेकांस छेदतात. दुसऱ्या गटाचा क वरील एकूण परिणाम शून्य होतो आणि तो आपल्या गटाच्या मतावर स्थिर राहू शकतो. म्हणजे पहिली अट अशी: दुसऱ्या गटाकडून प्रत्येक घटकावर येणाऱ्या भारांची बेरीज शून्य असावी. परंतु एवढ्याने भागत नाही. गटाच्या अंतर्गत बंध पुरेसे बळकट हवेत; ते दुबळे असतील तर बाहेरच्या ओढाताणीत गट आतूनच विस्कटतो.

ही केवळ कागदावरील कल्पना नव्हे, हे सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या उदाहरणावरून दिसून येते. भाषाशास्त्राच्या ग्रंथांत ‘कुपवार’ या नावाने जगभर परिचित झालेल्या या गावाविषयी जॉन गंपर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा निबंध १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. गावात जैनांची व लिंगायतांची घरभाषा कानडी, मुसलमानांची उर्दू, इतर काही समाजांची मराठी आणि थोड्यांची तेलुगू होती. बहुतेक पुरुष एकाहून अधिक भाषा बोलत. शतकानुशतकांच्या या शेजाराचा परिणाम असा झाला की या भाषांची वाक्यरचना परस्परांच्या इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्याचे दुसरीत भाषांतर बव्हंशी शब्दास शब्द ठेवून करता येई. कानडीत लिंगभेद मुख्यतः माणसांपुरता असतो. त्यास अनुसरून कुपवाडच्या मराठीतही स्त्रीलिंग स्त्रियांपुरते राहिले व ‘नदी आलं’ अशा प्रकारची रचना रूढ झाली. मराठीतील ‘आम्ही’ व ‘आपण’ हा भेद तेथील उर्दूने उचलला. प्रमाण कानडीत ‘हे तुमचे घर’ एवढ्यावर वाक्य पुरे होते. कुपवाडच्या कानडीने ‘आहे’ सारखे क्रियापद शेवटी योजण्याची रीत घेतली. प्रत्येकाने काही दिले, काही घेतले. कोणी एकच नायक नव्हता.

परंतु शब्दसंग्रह मात्र मिसळला नाही. घरातली भाषा कानडी ती कानडीच ऐकू येई, उर्दू ती उर्दूच. म्हणजे एकाच गावात, एकाच माणसांच्या मुखी, भाषेच्या दोन अंगांचे दोन निराळे निकाल लागले: व्याकरणाच्या अंगाने पूर्ण मतैक्य, शब्दांच्या अंगाने गटमतैक्य. यामागील कारणही त्या निबंधात सापडते. शेतावर, बाजारात व चावडीवर रोजचा संपर्क अटळ होता. तेथे रचना जितकी सारखी तितके बोलणे सुलभ. घर व जात यांचे क्षेत्र मात्र वेगळे राखले जाई आणि तेथे भाषा ही ओळखीची खूण होती. शब्द हे कानास चटकन जाणवतात, म्हणून खूण शब्दांवर ठेवली गेली; वाक्यरचनेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून ती मुक्तपणे वाहत गेली. ओढ व दुरावा यांचा जो समतोल गणितात अट म्हणून घालावा लागतो, तो येथे समाजरचनेनेच राखला होता. तो समतोल जातिभेदाच्या भिंतींवरही उभा होता, हे विसरून चालणार नाही. त्याचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही.

समतोल बिघडूही शकतो. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले. मराठी ही राज्यकारभाराची व बहुतांश शिक्षणाची भाषा झाली. म्हणजे गावाच्या जाळ्याबाहेरील एका प्रबळ नायकाची रेषा गावात आली. १९९८ मध्ये सांगली, मिरज व कुपवाड यांची मिळून एक महानगरपालिका झाली आणि गावाचे गावपणही संपले. सुमारे चार दशकांनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुनः अभ्यास करून जुन्या प्रतिमानाची चिकित्सा केली आहे. एका काळचे मतैक्य हे कायमचे मतैक्य नव्हे; भार बदलले की स्थिरबिंदू बदलतो.

६. उपनगरांतील गावठाणे

आता आपल्या उपनगरांकडे येऊ. आज ज्यास आपण मुंबई म्हणतो त्याचा मोठा भाग साष्टीच्या बेटावर आहे. मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंत वाढली. त्यापूर्वीपासून येथे गावठाणे व कोळीवाडे होते: वर्सोवा, मरोळ, आंबोली, किरोळ, वझिरा, गोराई. तेथील कोळी, आगरी, भंडारी व ख्रिस्ती समाजांच्या स्वतःच्या मराठी बोली होत्या. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात परभी, कोळी, किरिस्ताव, आगरी अशा नावांनी त्यांची नोंद आहे. येथील ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. नाव इंग्रजी असले तरी या समाजाची मूळ घरभाषा मराठीचीच एक बोली आहे.

या बोलींची आजची अवस्था वर सांगितलेल्या मधल्या शेजाऱ्यासारखी आहे. गावठाणातील मूल घरी आजीचे ऐकते आणि शाळेत प्रमाण मराठीचे वा इंग्रजीचे. आजीची बोली शून्यावर व शाळेची भाषा ४२ वर आहे असे मानले, आणि मुलाने दोघांस समान भार दिला, तर ते २१ वर राहील. शाळेस दुप्पट भार दिला तर २८ वर जाईल. तिप्पट दिला तर ३१.५ वर. आणि आजी गेल्यावर? तो भार शून्य होतो व मूल ४२ वर पोचते. या हिशेबात कोणी बोलीवर बंदी घातलेली नाही, कोणाच्या मनात द्वेषही नाही. केवळ एका बाजूच्या रेषा कमी होत गेल्या.

येथे प्रस्तुत लेखकास स्वतःचा एक प्रमाद सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या एका गावातून येणाऱ्या विद्यार्थिनीने निबंधात घरच्या बोलीतील काही क्रियापदे लिहिली होती. अध्यापकाच्या सवयीने ती लाल शाईने खोडली गेली. तिने ती मुकाट्याने सुधारली. पण त्यानंतर वर्गात तिच्या तोंडून त्या बोलीचा एकही शब्द ऐकावयास मिळाला नाही. पुढे बोलीच्या अभ्यासासाठी तिच्याकडे मदत मागितली, तेव्हा ‘आमचं काही खास नाही, सर’ एवढेच ती म्हणाली. लेखनाच्या नियमांचे रक्षण झाले; बोलीची एक साक्षीदार मात्र गमावली गेली. गणिताच्या परिभाषेत बोलावयाचे तर, पूर्ण मतैक्याचे साधन जेथे वापरावयास हवे होते त्याच्या हद्दीपलीकडे ते वापरले गेले.

प्रमाण मराठीचीही स्थिती अगदी स्थिर आहे असे नाही. ‘मी भेटेन’, ‘मी करीन’ याऐवजी ‘मी भेटेल’, ‘मी करेल’ ही रूपे तरुणांच्या बोलण्यात सर्रास आढळतात. ‘मला मदत कर’ च्या जागी ‘माझी मदत कर’ ऐकू येते. यांपैकी पहिली रूपे महाराष्ट्राच्या इतर भागांतील बोलींतही आहेत. दुसऱ्यात हिंदीची छाया स्पष्ट आहे. दोन्हींकडे केवळ ‘अशुद्ध’ म्हणून पाहिल्याने त्यांचे मूळ कळत नाही. ती कोणत्या रेषेने आली व तिला किती भार आहे, हे पाहिले पाहिजे.

बोली कशाने टिकते याविषयी बेलफास्ट शहरातील श्रमिक वस्त्यांचा लेस्ली मिलरॉय यांचा १९८० मध्ये ग्रंथरूपाने आलेला अभ्यास मार्गदर्शक आहे. ज्यांचे शेजारी, नातलग, सहकारी व मित्र ही एकच माणसे असतात, म्हणजे ज्यांचे जाळे दाट व अनेकपदरी असते, त्यांच्यात स्थानिक बोली अधिक टिकते, असे त्यांना आढळले. गटमतैक्याच्या गणितातील दुसरी अट, गटांतर्गत बंधांच्या बळाची, ती हीच. गोराईसारख्या खाडीपलीकडच्या गावात एकाच माणसाशी नाते, शेजार व धंदा असे तिन्ही संबंध असू शकतात. तेथे बोलीस आधार मिळतो. गावठाण मोडून त्याच कुटुंबांस निरनिराळ्या मनोऱ्यांत घरे मिळाली, तर माणसे उपनगरातच राहतील, पण जाळे राहणार नाही.

७. उपमेच्या मर्यादा

गणिताचा उपयोग करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. निघण्याची वेळ ही संख्या आहे. तिची सरासरी निघते. ‘भेटेन’ व ‘भेटेल’ यांची सरासरी निघत नाही. दोहोंपैकी एकच बोलावे लागते. अशा बाबतींत बदल हळूहळू सरकत नाही. एका मर्यादेपर्यंत तो दिसतच नाही व नंतर एकाएकी पसरतो. डेमन सेंटोला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गटातील सुमारे २५ टक्के माणसांनी नव्या संकेताचा निग्रहाने पुरस्कार केला असता उरलेले त्यांच्या बाजूस वळले. त्याहून कमी असता सामान्यतः वळले नाहीत. हे प्रयोग लहान गटांवरील होते. ते जसेच्या तसे भाषेस लावणे योग्य नव्हे. तथापि निग्रही अल्पसंख्येस निराश होण्याचे कारण नाही, एवढे त्यावरून म्हणावयास हरकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. यंत्रातील घटकास आपला भार बदलावयाचा की नाही हे ठरविता येत नाही, माणसास येते. आपल्या बोलीस किती किंमत द्यावयाची, हा निर्णय अखेर बोलणाऱ्याचा आहे. नियंत्रणशास्त्र त्यास मार्ग दाखवील, ध्येय सांगणार नाही.

८. समारोप

या विवेचनातून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष थोडक्यात असा. भाषेच्या सर्व अंगांना एकच नियंत्रण लावणे चुकीचे आहे. लेखनाचे नियम, परिभाषा, अक्षरांची वळणे या बाबतींत पूर्ण मतैक्य हवे. तेथे मोक्याचे थोडे घटक निवडून ते स्थिर करावेत आणि आजच्या काळात त्यांत पाठ्यपुस्तकाइतकेच टंकनिर्मात्यासही स्थान द्यावे. बोलीच्या बाबतीत गटमतैक्य हवे. तेथे प्रमाणभाषेशी वैर धरण्याचे कारण नाही, परंतु गटाच्या आतील रेषा वाढविल्या पाहिजेत. मासळीबाजारातील बोलणे, लग्नातील गाणी, चर्चच्या व देवळाच्या अंगणातील गप्पा, आजीने नातवास सांगितलेली गोष्ट: या प्रत्येक प्रसंगी एक रेषा जुळते. शाळेने करावयाचे एवढेच की त्या रेषा तोडू नयेत. निबंधाच्या वहीत प्रमाण रूप लिहावयास शिकवावे आणि त्याच वेळी घरचे रूप कोणते, हे समासात लिहून घ्यावे.

या विभागातील काही विद्यार्थ्यांनी आपापल्या गावठाणांतील शब्द अशाच रीतीने नोंदवावयास आरंभ केला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर येथील ज्या वाचकांच्या घरी अशी बोली अद्याप बोलली जाते, त्यांनी निदान एवढे पाहावे की घरातील धाकट्या मुलाच्या कानावर ती रोज एकदा तरी पडेल. भार कितीही लहान असला तरी चालेल. तो शून्य होऊ देऊ नये.